घरातली झाडे: कोल्हापूरचा हिवाळा आणि रोपांची देवघेव

घरात वाढण्यासाठी म्हणून जन्माला आलेले झाड जगात एकही नाही. बैठकीच्या कोपऱ्यातली प्रत्येक कुंडी कुठल्या ना कुठल्या रानाचा तुकडा असते. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, स्पायडर प्लांट त्याच खंडाच्या दक्षिणेकडचा. डिफेनबाखिया आणि फिलोडेंड्रॉन अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातल्या जंगलांतले, तर पानफुटी मादागास्करची. यांतल्या पुष्कळांचे आयुष्य मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात गेलेले. म्हणूनच भिंतींच्या आत, थेट उन्हाशिवाय ती तग धरतात. त्यांची निगा राखायची म्हणजे त्या मूळ जागेची आठवण ठेवायची, आणि आपल्या घरातली कुठली जागा कोणत्या महिन्यात तिच्याशी जुळते ते ओळखायचे.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतल्या घरांना हे ओळखण्याची फारशी गरज नव्हती. मंगळवार पेठ असो की शिवाजी पेठ, घराला सोपा होता, मागे परडे होते. तुळस अंगणात, कर्दळ आणि गवती चहा मोरीच्या पाण्यावर, जास्वंद कुंपणाला. झाड घराच्या भोवती असे, घरात नसे. वाड्यांच्या जागी मजले चढले, परड्याची बाल्कनी झाली, आणि बाल्कनीत जागा उरली नाही तेव्हा कुंड्या खिडकीच्या गजांतून आत आल्या. शहरातल्या घरातल्या झाडांचा विषय तसा नवा आहे. त्यावरचा बराचसा सल्ला बाहेरून आला आहे आणि हिवाळ्यापुरता तर तो इथे उलटाच पडतो.

युरोप-अमेरिकेतल्या बागकामाच्या पुस्तकांत हिवाळा हा घरातल्या झाडांचा कसोटीचा काळ असतो. तिथे बाहेर बर्फ असते, म्हणून झाडे शरद ऋतूतच आत घ्यावी लागतात. खोल्या तापवलेल्या असल्याने हवा खडखडीत कोरडी होते. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस दिवस आठ तासांहूनही लहान असतो. कोल्हापूरचे गणित वेगळे आहे. शहर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण १४ ते १६ अंश सेल्सियसपर्यंत उतरते, काही रात्री त्याहून खाली जाते. दुपारी मात्र पारा पुन्हा २८ ते ३० अंशांवर असतो. वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून थोडा मोठाच भरतो. अशा हवेत खिडकीच्या आतल्या मनीप्लांटला थंडीने मरण येत नाही. त्याची वाढ मंदावते, एवढेच.

इथली खरी कसोटी पावसाळ्यात असते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ढग हलत नाहीत, घरात दिवसा दिवे लावावे लागतात, कुंडीतली माती दहा दहा दिवस वाळत नाही. दुसरी कसोटी एप्रिल-मेच्या उकाड्याची. या दोन्हींच्या मधला हिवाळा घरातल्या झाडांना इथे सर्वांत सोपा जातो. आभाळ निरभ्र असते, ऊन मवाळ असते, आणि सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे ते ऊन प्रत्यक्ष खोलीच्या आत पोचते. हे शेवटचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या नेमका डोक्यावर येतो. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन शिरतच नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. खिडकीची वरची चौकट जमिनीपासून सात फुटांवर आणि तिच्यावर दीड फुटाचा छज्जा धरला, तरी दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन चारेक फूट आत येते. याच खिडकीशी जूनमध्ये सावलीत ठेवलेले पीस लिली किंवा कॅलेथिया डिसेंबरात थेट उन्हात सापडते आणि त्याच्या पानांवर करपल्याचे तपकिरी डाग उमटतात. घरच्यांना वाटते, थंडी बाधली. प्रत्यक्षात कुंडी जागची हललेली नसते, सूर्य हललेला असतो. दिवाळीनंतर एकदा दिवसभरात ऊन कुठून कुठे सरकते ते पाहावे. नाजूक पानांची झाडे खिडकीपासून चार-पाच फूट मागे घ्यावीत, आणि कोरफड, ब्रह्मकमळ, पानओवा यांना पुढे आणावे. पूर्वेची खिडकी सर्वांना मानवते. उत्तरेच्या खिडकीत या काळात फक्त परावर्तित उजेड असतो. तिथे मनीप्लांट आणि स्नेक प्लांट निभावून नेतात, बाकीच्यांची कुचंबणा होते.

उजेड कमी पडला की झाडाचे काय होते, हे दाखवणारा प्रयोग अंबाबाईच्या या शहरात दर नवरात्रात घरोघरी होतो. घटस्थापनेला पत्रावळीवर किंवा परडीत माती पसरून त्यात धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याचा मातीचा घट ठेवतात. घट पाझरतो, माती सतत ओलसर राहते. ठिबक सिंचनाचे हे एक घरगुती रूप म्हणता येईल. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवसांत कोंब भराभर उंच होतात, पण ते पिवळेधमक, नाजूक आणि उजेडाकडे झुकलेले असतात. हिरवा रंग धरायला उजेड मिळालेला नसतो, म्हणून बियाण्यात साठवलेली सगळी शक्ती कोंब उंच करण्यात आणि उजेड शोधण्यात खर्च होते. बैठकीच्या खोलीतल्या मनीप्लांटची पेरे लांब लांब होऊ लागली, पाने लहान आणि फिकट येऊ लागली, की तेच घडत असते. त्याला खत नको असते, खिडकी हवी असते.

हिवाळ्यात सर्वाधिक झाडे मरतात ती पाण्याने, आणि तीही जास्तीच्या. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात, रोज पाणी घालायची सवय लागते. नोव्हेंबरात रात्री गार होतात, मुळांचे काम मंदावते, पण हात मात्र रोजच्या वेळी तांब्याकडे जातो. ओली माती हवेला जागा देत नाही, मुळे गुदमरतात, मग बुरशी शिरते आणि मूळकूज सुरू होते. तिची खूण फसवी असते. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पाने तहानलेल्या झाडासारखीच माना टाकतात, आणि घरचे आणखी पाणी घालतात. म्हणून वारांचा हिशेब सोडून मातीचा हिशेब ठेवावा. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे, आणि तेही बुडाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. थंडीच्या दिवसांत पाणी सकाळी घातलेले बरे, म्हणजे रात्रीपर्यंत जादा ओल उडून जाते. नळाचे पाणी आदल्या रात्री भरून ठेवले की त्यातला क्लोरीन बराचसा निघून जातो आणि पाणी खोलीइतके उबदार होते. स्नेक प्लांट आणि कोरफड यांना हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुष्कळ होते. त्यांच्या जाड पानांतच साठा असतो.

पाण्याचा निम्मा प्रश्न कुंडी आणि माती यांनीच सुटतो किंवा बिघडतो. भाजलेल्या मातीच्या कुंडीला सर्वांगाने श्वास असतो, ती लवकर वाळते. प्लॅस्टिकची कुंडी ओल धरून ठेवते. गणेशमूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार वस्त्यांचे हे शहर. इथे मातीचे भांडे परके नाही, आणि घरातल्या झाडासाठी ते अजूनही सर्वांत निर्धोक आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगराकडे तांबडी माती, पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे काळी. काळ्या मातीत ऊस पिकतो, पण कुंडीत ती ओली असता चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळून कुंडीची कड सोडते. आतल्या झाडांना दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि थोडी जाडी वाळू असे मिश्रण मानवते. साखर कारखान्यांच्या प्रेसमडचे कंपोस्ट शेताला उत्तम असते. बंद खोलीत मात्र ते पूर्ण कुजलेले नसेल तर वास सुटतो आणि चिलटे होतात. खताच्या बाबतीत हिवाळ्यात हात आखडताच ठेवावा. वाढ थांबलेल्या झाडाला दिलेले खत मातीत क्षार होऊन साचते.

हवेचे दोन त्रास या काळात होतात: कोरडेपणा आणि धूळ. दुपारची कोरडी हवा कॅलेथिया आणि नेच्यांच्या पानांच्या कडा करपवते. पानांवर पाणी फवारल्याने हवा काही मिनिटांपुरतीच ओली होते. त्यापेक्षा तीन-चार कुंड्या जवळ जवळ ठेवल्या, किंवा खड्यांनी भरलेल्या ताटलीत पाणी घालून तिच्यावर कुंडी ठेवली, तर जास्त उपयोग होतो. धूळ हा त्याहून मोठा प्रश्न. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांत धुराड्याची काजळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरते. खिडकीतल्या पानांवरही तिचा थर बसतो आणि उजेड अडतो. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने वरून-खालून पुसावीत. पानाखालून पुसताना किडीही वेळीच दिसतात. कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो; तो डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो, पण पानावरचे फिकट टिपके आणि बारीक जाळी त्याची चुगली करतात. पेरांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. दोन्हींवर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल आणि सौम्य साबणाचे पाणी आठवड्याच्या अंतराने तीनदा, हा उपाय बहुधा पुरतो.

आता रोपे वाढवण्याकडे, म्हणजेच देण्याकडे वळायचे. घरातल्या झाडांचा हा सर्वांत समृद्ध भाग आहे, कारण यातली बहुतेक झाडे बियांवाचूनच वाढतात. मनीप्लांटला तर फूल येतच नाही म्हटले तरी चालेल. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे त्याचे जनुक नीट चालत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जगभरातला त्याचा अफाट पसारा फांद्या कापून, हातोहात झालेला आहे. फांदी कापताना एक गोष्ट जपावी लागते: कापलेल्या तुकड्यावर किमान एक गाठ हवी, जिथून पान आणि हवाई मुळाचा उंचवटा निघतो. नुसते पान पाण्यात महिनोन्महिने हिरवे राहते, पण त्याला वेल फुटत नाही. मनीप्लांट चोरून आणला तरच लाभतो, हा समज सर्वत्र आहे. त्यामुळे कितीतरी वेली नको त्या जागी, गाठ सोडून ओरबाडल्या गेल्या आहेत. मागून घेतलेली फांदी नीट कापलेली असते आणि जगते.

स्पायडर प्लांट लांब दांड्यांच्या टोकाला आपली पिल्ले स्वतःच लटकवतो. पिल्लू तोडण्याआधी दुसऱ्या कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवले की आईला जोडलेले असतानाच मूळ धरते. कोरफडीच्या बुडाशी येणारी पिल्ले चार-सहा इंचांची झाली की मुळांसकट वेगळी करता येतात. पानओव्याची फांदी मातीत खोचली तरी पुरते, आणि तिच्या पानांची भजी होतात हे तिच्या प्रसाराचे निम्मे कारण आहे. पानफुटीचे पान तर ओल्या मातीवर नुसते ठेवले तरी त्याच्या कडेच्या खाचांतून रोपे उठतात. स्नेक प्लांटच्या बाबतीत मात्र एक फसगत हमखास होते. पिवळ्या कडांच्या जातीचे पान कापून लावले तर त्यातून येणारी रोपे साधी हिरवी निघतात. तो पिवळा काठ पानातल्या वेगळ्या पेशींच्या थराचा असतो, आणि पानाच्या तुकड्यातून नवा कोंब फुटताना तो थर पुढे येत नाही. काठासकट झाड द्यायचे असेल तर जमिनीखालचा कंद कोंबासह विभागूनच द्यावा लागतो.

ब्रह्मकमळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण कोल्हापुरातच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रात शेजाऱ्यांकडून शेजाऱ्यांकडे गेलेले याच्याएवढे दुसरे झाड क्वचित असेल. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे. घरोघरीचे हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंग कुळातले झाड आहे. त्याचे जे पान म्हणून दिले जाते ते खरे तर चपटे खोड असते, आणि म्हणूनच त्याला मुळे आणि कळ्या दोन्ही फुटतात. वीतभर तुकडा कापून दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू द्यावी, मग वाळूमिश्रित मातीत उभा खोचावा. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री कळी उमलते, शेजाऱ्यांना हाक जाते, पूजा होते, आणि सकाळी फूल मिटते. त्या रात्री ज्याने ज्याने फूल पाहिले तो पान मागतो. हिवाळ्यात हे झाड विसावलेले असते. पाणी कमी आणि सकाळचे ऊन एवढेच त्याला हवे.

देण्यासाठीचा सण मात्र नेमका या विसाव्याच्या काळात येतो. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस, आणि त्यात वाण लुटायचे. प्लॅस्टिकच्या डब्या आणि स्टीलच्या वाट्यांच्या जागी अलीकडे बऱ्याच घरांतून तुळशीची, कोरफडीची, मनीप्लांटची रोपे वाण म्हणून दिली जातात. ही चाल मनापासून स्वागत करण्याजोगी आहे, पण तिचे वेळापत्रक झाडाच्या बाजूने पाळायला हवे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कापलेली फांदी गार रात्रींमुळे मुळे धरायला वेळ घेते, आणि संक्रांतीला दिले जाते ते मुळांविना उभे असलेले हिरवे पान. वाणाची रोपे दसऱ्याच्या सुमारास लावायला घ्यावीत. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, ऊब असते, फांद्या पावसाने जोमात असतात. दिवाळीपर्यंत मुळे येतात, मार्गशीर्षात नवे पान फुटते, आणि पौषात रोप घर बदलायला तयार होते. तुळस याला अपवाद आहे. थंडीत तिची पाने गळतात, मंजिऱ्या वाळतात. तिचे रोप आदल्या पावसाळ्यात बियांपासून केलेले असावे आणि घेणाऱ्याने ते उन्हातच ठेवावे. तुळस ही खोलीत राहणारी नव्हे.

नुसत्या देवघेवीवर एखादे झाड किती दूर जाते, याचा एक विलक्षण दाखला आहे. आग्नार एस्पेग्रेन हे नॉर्वेचे मिशनरी चीनच्या युनान प्रांतातून परतताना गोल पानांचे एक लहान झाड सोबत घेऊन निघाले. भारतातून प्रवास करून १९४६ मध्ये ते झाड नॉर्वेत पोचले. त्यांनी त्याची पिल्ले ओळखीच्यांना दिली, त्यांनी पुढे दिली, आणि कोणत्याही रोपवाटिकेच्या मदतीवाचून ते स्कँडिनेव्हियाच्या खिडक्या-खिडक्यांत पसरले. १९८० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला तेव्हा त्याची ही वाट उजेडात आली. आज पायलिया नावाने ते भारतातल्या रोपवाटिकांतही मिळते.

देताना काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावी लागतात. रोपासोबत नाव, उजेड आणि पाणी यांची चिठ्ठी द्यावी. आलेले रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवावे, कारण पिठ्या ढेकूण बहुतेक घरांत भेटीच्या रोपातूनच येतो. मनीप्लांट, डिफेनबाखिया, फिलोडेंड्रॉन यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंड आणि घसा सुजतो. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरी ही गोष्ट तोंडी सांगूनच रोप द्यावे. पानफुटी गुराढोरांना विषारी असते, तेव्हा छाटलेली पाने गोठ्याकडे जाऊ देऊ नयेत. नको झालेले झाड ओढ्यात किंवा तळ्यात टाकणे तर कटाक्षाने टाळावे. पंचगंगेला आणि रंकाळ्याला ग्रासणारी जलपर्णी हीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच भारतात आणलेली होती.

रानातून झाड उचलून आणण्याचा मोहही आवरायला हवा. राधानगरी, दाजीपूर, आंबोलीच्या वाटांवर झाडांना बिलगलेल्या आमरी पावसाळ्यात फुलतात, आणि पठारांवर कंदीलपुष्पे दिसतात. दक्षिण आफ्रिकेतला हृदयाच्या आकाराच्या पानांचा जो नाजूक वेल शिंकाळ्यातून लोंबताना दिसतो, तो या कंदीलपुष्पांचाच भाऊबंद. पण तो कुंडीत वाढून वाटला जातो, आणि सह्याद्रीतल्या त्याच्या दुर्मीळ नातलगांचा एक कंद उपटला तरी तिथली संख्या घटते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने या कंदीलपुष्पांचा अभ्यास केला आहे आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्यांचे जतनही केले आहे. ती पाहायची असतील तर तिथे किंवा पठारावर पाहावीत.

रोपवाटिकांत हल्ली ‘हवा शुद्ध करणारी’ अशी पाटी लावून झाडे विकली जातात. तिचा आधार अमेरिकेच्या नासा संस्थेचा १९८९ चा अभ्यास. पण तो हवाबंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दिसले की इमारतीत आपोआप होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडतो, हेही अर्धेच खरे. तो रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतो. प्राणवायू मात्र उजेडातच तयार होतो. कोल्हापूरच्या हिवाळ्यात खोलीची हवा सुधारायची असेल तर सकाळी खिडकी उघडणे पुरे आहे. झाडे ठेवायची ती झाडे म्हणून.

रथसप्तमीनंतर ऊन तापू लागते. दक्षिणेच्या खिडकीतला उन्हाचा पट्टा दर आठवड्याला छज्ज्याकडे मागे सरतो आणि रात्रींचा गारवा ओसरतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पहिले नवे पान दिसले की पाणी हळूहळू वाढवावे आणि खताला सुरुवात करावी. मुळांनी भरलेल्या कुंड्या होळीच्या आधी बदलून घ्याव्यात, म्हणजे मेच्या उकाड्यापूर्वी मुळे नव्या मातीत बसतात. संक्रांतीला आलेली वाणाची रोपेही याच सुमारास त्यांच्या कायमच्या कुंडीत जातात.